पत्र्याकडे तोंड केलेला पंखा

सोमवार, ८ जानेवारी

आले एकदाची. दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि मी. दुकान आवरताना वाटलं होतं की रडू येईल, पण आल्या त्या फक्त शिंका. वीसेक वर्षांची धूळ होती ती. लोक आता वस्तू दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात, आणि टाकून देताना वर आपल्यालाच समजावतात की हल्ली असंच असतं. असो. दमले होते मी त्या दुकानाला, आणि ते मला.

ताईनं दारातच मिठी मारली आणि लगेच माझ्या उजव्या बाजूला आली. ही तिची जुनी सवय. सहाव्या वर्षी मला गालगुंड झाले आणि जाताना माझा डावा कान घेऊन गेले. तेव्हापासून ताई रस्त्यानं चालताना, जेवताना, फोटो काढतानासुद्धा माझ्या उजवीकडे असते. पुढे शिकलीही तेच, कान तपासायचं. माझ्यामुळे शिकली असं ती कधी म्हणत नाही आणि मीही विचारत नाही.

वर आम्हा दोघींच्या खोल्या, खाली तिचं तपासणी केंद्र. माझ्या खोलीत चक्क कोवळं ऊन येतं. खाली काउंटरवर एक मावशी बसतात. त्यांचं तोंड सकाळी सुरू होतं ते संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत. आतल्या खोलीत ‘डबी’ आहे. डबी म्हणजे जाड दाराची, दुहेरी काचेची एवढीशी खोली. माणूस आत हेडफोन लावून बसतो, हातात तारेला लोंबणारं बटण. बारीक सूर ऐकू आला की अंगठ्यानं बटण दाबायचं. ऐकू आला तर ताई पुढचा सूर दहानं बारीक करते, नाही आला तर पाचनं मोठा. असं वरखाली करत त्या माणसाला ऐकू येणारा सगळ्यांत बारीक सूर गाठायचा. तो सापडला की ताई काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करते. म्हणजे तपासणी झाली, या बाहेर.

हे सगळं चालवतो तो एक म्हातारा कॉम्प्युटर. कधीकाळी पांढरा असावा, आता दुधाच्या चहाच्या रंगाचा झालाय. सूर काढणारं कार्ड त्याच्या पोटात आहे, ते दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये बसत नाही आणि बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. वर दुपारी तापून तपासणीच्या मधेच बंद पडतो. डबीच्या दाराचं रबर कडक झालंय, त्यामुळे त्याची घरघर आत झिरपते. गेल्या महिन्यात चांगल्या कानांचा एक बसड्रायव्हर बहिरा ठरला आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत घरी बसला. ताईला ते फार लागलंय.

मी म्हटलं, गार करते आणि गप्पही करते. हे काम मला डोळे मिटून येतं.

बुधवार, १० जानेवारी

दुपारी माणसं नसताना कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ नव्हती, गोधडी होती. ब्रशनं झाडली, फुंकणीनं उडवली. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती खरवडून नवी लावली. त्यावरच्या छोट्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, तो चिरचिरतो. पॉवर सप्लायचा पंखा घरघरतो. पुढचा पंखा चालतच नव्हता. चपट्या तारांची पट्टी बरोबर वाऱ्याच्या वाटेत लोंबत होती, ती घडी घालून कडेला बांधली. एवढं सगळं समजण्यासारखं होतं.

पण चौथा एक पंखा होता, त्याचा काही अर्थ लागेना. बाजूच्या पत्र्याकडे तोंड करून बसवलेला. तिथे पत्र्याला भोक नाही, जाळी नाही. वारा कुठून येणार आणि कुठे जाणार? पत्र्यावर आपटून परत येतो, बस. तारा प्लगनं नाही, थेट डाग देऊन जोडलेल्या, जणू कुणी काढूच नये. आणि एका पात्यावर डिंकाचा घट्ट गोळा चिकटलेला. त्यानंच तो सगळा पत्रा थरथरत होता. निम्मी गिरणी म्हणजे हा पठ्ठ्याच.

ताई म्हणाली, आधी जो दुरुस्तीवाला यायचा त्याचं काम. माणूस चांगला होता, चार वर्षांपूर्वी अचानक यायचा बंद झाला. जाता जाता हाच पंखा लावून गेला होता. मी म्हटलं, चांगला असेल, पण अडाणी होता. ताईनं माझी बाजू घेतली नाही, त्याचीही नाही. हसली फक्त.

पंखा कापून काढला आणि भंगाराच्या खोक्यात टाकला. आवाज एकदम उतरला. मावशी काउंटरवरून डोकावून म्हणाल्या की कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय.

शनिवार, १३ जानेवारी

आज मनासारखं काम झालं. पुढे मोठा, रुंद पात्यांचा पंखा लावला आणि बाराच्या जागी सात व्होल्टवर फिरवला. मोठा पंखा सावकाश फिरला तरी वारा तेवढाच देतो, आवाज मात्र करत नाही. स्क्रूच्या जागी रबराच्या गुंड्या. पुठ्ठ्याचा एक बोगदा करून गार वारा सरळ प्रोसेसरवर सोडला. दुपारभर चालू ठेवला, हात लावून पाहिलं तर कोमट. एकदाही अडखळला नाही. कित्येक महिन्यांनी कुणीतरी मला शाबास म्हटलं.

रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आधी ताई स्वतः डबीत बसते. मशीन खरं बोलतंय की नाही हे पाहायला तिचे स्वतःचे कान हेच तिचं माप. पन्नाशी उलटली तरी तिचे कान लहान पोरासारखे आहेत आणि त्याचा तिला भारी गर्व. आता ती आत बसते आणि बाहेरून सूर मी सोडते.

आज संध्याकाळी तिनं मलाच बसवलं. मी इथे आले की हा कार्यक्रम ठरलेलाच. डावा कान तपासायचा तर उजव्या कानात आधी गोंगाट सोडावा लागतो, ताई प्रत्येक वेळी नव्यानं समजावते. नाहीतर चांगला कान खराब कानाच्या वतीनं उत्तर देतो आणि आपण फसतो. चांगल्या कानात गोंगाट भरला की तो गुंततो, मग दुसऱ्या कानाला जे काय ऐकू येतं ते त्याचं स्वतःचं. बसले. उजवीकडे धो धो पाणी पडल्यासारखा आवाज, डावीकडे काही नाही. नेहमीसारखंच. काचेतून ताईचा चेहरा दिसत होता. ती सूर मोठा करत जाते, शेवटच्या टोकापर्यंत, आणि मग क्षणभर तिथेच थांबते. इतक्या वर्षांनीसुद्धा थांबते. मला त्या कानाचं काही वाटत नाही गं, असं मी तिला शंभरदा सांगितलंय. तिच्या त्या थांबण्याचं मात्र वाटतं.

बुधवार, १७ जानेवारी

राहिली होती ती हार्ड डिस्क. तिची शीळ आणि खरखर. तिच्यातलं सगळं एका मेमरी कार्डावर उतरवलं आणि कार्डच डिस्कच्या जागी बसवलं. फिरणारं काही नाही, म्हणजे आवाज नाही, उष्णता नाही. पॉवर सप्लायचा पंखा बदलला. पत्र्याला आतून फोम चिकटवला. डबीच्या दाराला नवं रबर. आता कॉम्प्युटर चालू आहे की बंद हे दिव्याकडे बघूनच कळतं. एवढं गप्प मशीन मी आयुष्यात केलं नव्हतं. दुकान चालू असतं तर काचेत मांडून ठेवलं असतं.

ताईच्या सकाळच्या तपासणीत तिला आजवर ऐकू आला नव्हता इतका बारीक सूर ऐकू आला. मशीनचा शेवटचा आकडा संपला तरी बटण दाबलं जात होतं. मी सूर बंद केला होता, तरी बटण दाबल्याचा दिवा दोनदा लागला. काचेवर टकटक केलं तर तिला ते जरा उशिरा कळलं. बाहेर आली तेव्हा झोपेतून उठल्यासारखी दिसत होती. म्हणाली, आत खूप छान शांत वाटतं आता. तिच्या तोंडून विश्रांतीचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला असेन. दिवसभर लोकांच्या कानाशी ओरडून ओरडून तिचा जीव मेटाकुटीला येतो. बरं वाटलं मला.

शनिवार, २० जानेवारी

तो बसड्रायव्हर आला होता. कान ठणठणीत निघाले. पण सूर नसतानाही बटण दाबत होता. ताई म्हणाली, नोकरीची काळजी असली की लोक असं करतात, न ऐकलेलंही ऐकतात.

मग एक शाळामास्तर. तेही तसंच. मग एक आजी, ज्यांना तोंडापुढे भांडं आपटलं तरी कळत नाही. त्यासुद्धा. मला वाटलं बटणात बिघाड असेल. उघडलं, पुसलं, तारा मोजून पाहिल्या. बटण अगदी चोख आहे.

दुपारी एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. बारीक कानांच्या, बोलायला मऊ. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं की दुसऱ्या बाई कोण होत्या. ताईनं मला पुढे केलं, ही माझी बहीण. त्या नाही म्हणाल्या. तुम्ही दोघी काचेपलीकडे दिसत होतात, तुमचे सूर वेगळे. मधे मधे दुसरं कुणीतरी सूर देत होतं. तेही तपासतच होतं, पण फार हळू. त्या कौतुकानं सांगत होत्या. फार शिस्तीनं घेतात हो, म्हणाल्या.

मावशी त्यावर हसून म्हणाल्या की फुकटची कामवाली मिळाली म्हणायची. नंतर मात्र त्यांनी त्या खोलीतला केर काढायचं टाळलं. मी काढला.

मंगळवार, २३ जानेवारी

मशीन प्रत्येक वेळी बटण दाबल्याची खूण पडद्यावर ठेवतं. आज डबीत एक वयस्क सुतार बसले होते. ताई सूर सोडत होती, मी शेजारी. ताईचे सूर आणि त्यांची उत्तरं सोडून मी फक्त जास्तीच्या खुणांकडे पाहत राहिले. कधी लागतात, कधी ठेक्यातली जागा रिकामी जाते, म्हणजे सूर चुकतो.

दोन लागतात, मग एक चुकतो. एक लागतो, मग दोन चुकतात. ऐकू आलं तर बारीक, नाही आलं तर किंचित मोठा. दहा खाली, पाच वर. हीच ताईची पद्धत, जी मी रोज पाहतेय.

म्हणजे बटण खराब नाही आणि माणसं घाबरट नाहीत. कुणीतरी तपासतंय. आम्ही करतो तसंच, आमच्याच पद्धतीनं, आमच्या मागोमाग. आणि आमचा सूर संपतो तिथून त्याचा सुरू होतो.

हे लिहितेय आणि मलाच हसू येतंय. दमलेय मी. झोप पुरत नाही. ताईला सांगितलं तर तिनं नवल केलं नाही, हेच मला खटकलं.

गुरुवार, २५ जानेवारी

जेवताना ताईचा अंगठा हलत होता. चमचा धरलेल्या हाताचा. दाबायचा, थांबायचा, दाबायचा. मी हात धरला तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला तरी बोलताना मधेच तोडलं.

जेवणाच्या सुट्टीत ती आता वर येत नाही, डबीत बसते. पाय आखडतात, वरचा दिवा डोळ्यांवर येतो, तरी बसते. मी दार उघडलं की म्हणते, आलेच. येत नाही. मावशींनी तिला तीनदा हाक मारली तेव्हा तिनं एकदा ओ दिली. मावशी म्हणाल्या, एवढे बारीक कान आणि हाक ऐकू येत नाही, काय म्हणावं. त्यांनी ते थट्टेत म्हटलं, पण आज त्या नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या.

हे गप्प मशीन मीच केलंय.

शनिवार, २७ जानेवारी

दुपारी ताई आत असताना मी हेडफोनची तार मशीनमधून काढून घेतली. तिला न सांगता. म्हणजे आता तिच्या कानात काहीही येणं शक्य नाही.

दिवा लागला. विझला. लागला.

मग मशीनच बंद केलं. दिवाही गेला. काचेतून तिचा अंगठा दिसत होता, तसाच, त्याच ठेक्यात. डोळे मिटलेले. चेहरा इतका निवांत की मला तिचा हेवा वाटला. तसं वाटल्याचं भयही वाटलं.

बाहेर आल्यावर मी भांडले तिच्याशी. म्हटलं, पंखा परत लावते, होता तस्सा, गिरणी झाली तरी चालेल. ताई माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. आजही नाही चढवला. एवढंच म्हणाली —

“चिमे, इतकी वर्षं मी लोकांना विचारतेय, ऐकू येतं का, ऐकू येतं का. मला कुणी विचारलं होतं का गं कधी? आत्ता कुणीतरी विचारतंय. विचारू दे.”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सोमवार, २९ जानेवारी

आधीच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर काउंटरच्या खणात सापडला. फोन त्याच्या सुनेनं उचलला. सासरे बरे आहेत म्हणाली. खातात, पितात, त्रास काही नाही. फक्त ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात कानात दोष नाही. आमचं ऐकू येत नाही एवढंच, ती म्हणाली, आणि त्या ‘आमचं’वर अडखळली. दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे बसतात. ऐकू येईनासं व्हायच्या आधी अंगठा तेवढा हलायचा. कप धरला तरी हलायचा.

मी त्या पंख्याचं विचारलं. तिला माहीत होतं. त्या दिवशी घरी येऊन ते म्हणाले होते की आता तिथे पुन्हा कुणाला ऐकू जाणार नाही, बंदोबस्त केलाय. माझी मात्र झाली. काय झाली ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ऐकू येईना.

मला कळतंय त्याची काय झाली. तपासणी.

डिंकाचा गोळा त्यानं मुद्दाम चिकटवला होता. तोंड पत्र्याकडे मुद्दाम केलं होतं. तारांना डाग दिला, की माझ्यासारखी कुणी शहाणी आली तरी सहज काढू नये. वारा देणारा पंखा नव्हताच तो. मी त्याला अडाणी म्हटलं.

भंगाराचं खोकं पाहिलं. रिकामं. मावशींनी शुक्रवारीच देऊन टाकलंय.

मंगळवार, ३० जानेवारी

दुसरा पंखा करते आहे. तसाच. जुना, मोठ्या आवाजाचा, बाजारातून आणला. डिंक वाळायला वेळ लागतोय. वाळेपर्यंत हात स्वस्थ बसेनात म्हणून फोम ओरबाडून काढला, रबराच्या गुंड्या काढल्या, स्क्रू सैल ठेवले. आयुष्यभर लोकांच्या मशीनमधली घरघर काढली, आता घरघर भरते आहे.

ताई सकाळपासून आत आहे. आज आलेल्या माणसांना मावशींनी परत पाठवलं. मग स्वतःही जाते म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी थांबा म्हटलं नाही.

डिंक अजून ओला आहे.

संध्याकाळी —

मी मशीनवर वाकले होते. काचेवर टकटक झाली. दोनदा.

मी मारली नाही. माझे दोन्ही हात डब्यात होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ताईनं डोळे उघडले. शहाण्या पेशंटसारखा हेडफोन काढला, खुंटीला अडकवला, बटण खाली ठेवलं, आणि बाहेर आली. माझ्या शेजारून गेली. मी हाक मारली. मी खांदा धरला. ती हसली, पण माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून —

बुधवार, ३१ जानेवारी

पंखा लावला. सगळा पत्रा थडथडतोय. खिडक्या वाजतात. हे सगळं परवाच करायला हवं होतं.

तिला धरून डबीत बसवलं आणि मीच तपासलं. सगळ्यात मोठा सूर. इतका मोठा की मला बाहेर ऐकू आला. अंगठा हलला नाही. ज्या कानांचं माप धरून ती सगळं गाव मोजायची —

आता अंगठा हलतच नाही. तिची झाली.

बोलते. हळू बोलते. हं, हो, ऐकू येतंय की, असं. माझ्याशी नाही. मी तिच्या समोर बसून रडले, तर तिनं माझं तोंड पुसलं. कुणाचं पुसतेय हे तिला माहीत असावं. नक्की नाही सांगता येत.

डॉक्टर येऊन गेले. कानात दोष नाही म्हणाले.

गुरुवार, १ फेब्रुवारी

ताई त्या खोलीतून हलत नाही. म्हणून मीही नाही. खुर्ची मशीनला अगदी चिकटवलीय. उजवा कान पत्र्याशी. एकच तर कान आहे. तो या गोंगाटानं भरून टाकला की दुसरं काही आत यायला जागाच नाही. थकले मी. पण इथे मला कोण गाठणार —

मशीन पुन्हा तापतंय. तापू दे.

ताई उठली. माझ्याकडे आली. खुर्ची ओढली आणि बसली.

डावीकडे बसली.

आयुष्यात कधी बसली नव्हती. मला वाटलं विसरली. विसरली नाही. माझ्याकडे बघतेय — काचेतून बघायची तसं. टोकाशी थांबून —

चांगल्या कानात गोंगाट भरायचा. तो गुंतला की मग दुसरा —

हे मीच केलं. गोंगाट मीच कानाला लावून घेतला. पंखा बंद — हात पुरत नाही, उठवत नाही —

डावीकडे काहीतरी आहे. ऐकू येणं म्हणजे काय हे त्या बाजूला मला आठवतही नव्हतं. बारीक. केसासारखं.

पुन्हा. आधीपेक्षा बारीक.

डावा अंगठा माझा मी दाबला नाही —

ताई हसतेय. किती वर्षं वाट पाहिली गं तू. ताई, मला ऐकू —